वहीतला सारंग आणि परतीच्या टेबलावरचं पुस्तक

भुसावळ_जंक्शन (धागाकर्ता)

गेल्या शनिवारी जे घडलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. थोडं पाल्हाळ होईल.

आमच्या घरात पणजोबांची एक वही आहे. लाल कापडी पुठ्ठा, आत मोडी, साधारण शके १८४५ च्या सुमाराची. पणजोबा साक्री तालुक्यातले, पांझरेकाठचे. आजोबा तिथून उठले आणि भुसावळला रेल्वेत लागले. गाव सुटलं ते सुटलंच. मी रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो. शेतीतलं मला एवढंच कळतं की केळी घडाने येतात.

वीस वर्षांपूर्वी ओळखीच्या एका काकांनी ती वही वाचून दिली. त्यांना लिपी उत्तम येत होती, शेती माझ्याइतकीच. त्यांनी उतरवून दिलेल्या नोंदी अशा : ‘दुसरा फड’, ‘सारंग काढणे, माणसे ३’, ‘जागल्यास ज्वारी’. घरात बैठक बसली आणि निकाल लागला : पणजोबांचा तमाशाचा फड होता! सारंग हा दुपारचा राग, तो काढायला तीन माणसं, म्हणजे एक गाणारा आणि दोन साथीला. जागल्या म्हणजे रात्रभर फडावर जागणारा. आजीने नाक मुरडलं, वडील मनातून खूश झाले आणि चुलतभावाने ते कुळवृत्तांतात छापूनही टाकलं.

त्या फडाचं नाव काय, तो कुठे कुठे जायचा, हे मी दोन वर्षं नेटवर शोधतोय. ‘सारंग’ टाकलं की वृंदावनी सारंग येतो. ‘सारंग खानदेश’ टाकलं की सारंगखेड्याची घोडेयात्रा येते. ‘फड’ टाकलं की तमाशा, कुस्ती, ऊस आणि फड आडनावाची माणसं. घोड्यांचे भाव आता मला तोंडपाठ आहेत.

शनिवारी धुळ्यातल्या एका वाचनालयात तमाशातल्या संगीतावर काही मिळतं का बघायला गेलो आणि लाईट गेली. संगीताची कपाटं आतल्या अंधाऱ्या खोलीत. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, बसा थोडं. खिडकीशी उजेड होता, तिथे परत आलेल्या पुस्तकांचं टेबल. त्यात स्पायरल बाइंडिंगचा एक जाडा अहवाल होता, कुणा इंजिनिअरिंगवाल्याने परत केलेला. मुखपृष्ठावर नदीतला दगडी बंधारा आणि खाली ‘पांझरा’ एवढं दिसलं म्हणून उघडला. आत एक आकृती : नदी, बंधारा, त्यातून निघालेला कालवा, कालव्यातून चारी, आणि चारीतून शेताशेतात पाणी नेणारा... सारंग.

मी ते पान चार वेळा वाचलं. फड म्हणजे बंधाऱ्याखालच्या जमिनीचे पाडलेले भाग. एका फडात त्या वर्षी सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, दुसऱ्या वर्षी पीक फिरवायचं. पाण्याची वाटणी शेतकरी आपसात ठरवणार, पाटकरी पाणी सोडणार, जागल्या पिकाची राखण करणार. तीन-चारशे वर्षांची रीत, आणि आजही काही गावांत शिल्लक. म्हणजे पणजोबांचं शेत दुसऱ्या फडात होतं आणि सारंगातला गाळ काढायला तीन माणसं लावली होती. तमाशा वगैरे काही नाही. (खरं सांगू? दोन मिनिटं वाईट वाटलं.)

आता प्रश्न. दोन वर्षं शोधून जे सापडलं नाही ते लाईट गेल्यावर पाच मिनिटांत सापडलं. याला नुसतं नशीब म्हणायचं का? तुमच्या कामात असं झालंय का? आणि असं काही मुद्दाम घडवून आणता येतं का?

---

वरणबट्टी

पहिला नंबर माझा. कुळवृत्तांताची दुसरी आवृत्ती कधी? आणि आजींचं नाक सरळ झालं का?

---

निंबोणी

जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी चौतीस वर्षं काढली, तेव्हा या टेबलाबद्दल बोलायचा हक्क मला आहे.

दादा, तुम्ही निघाला होतात ७८० च्या कपाटाकडे. ड्युईच्या वर्गीकरणात तिथे संगीत. तुमचं उत्तर ६२७ मध्ये, जलसिंचन अभियांत्रिकीत, नाहीतर ६३१ मध्ये शेतीखाली. सिंचन दोन ठिकाणी पडतं, त्यावरून आमच्यातही भांडणं व्हायची. लाईट गेली नसती तर तुम्ही ७८० समोर तासभर उभे राहून हात हलवत घरी गेला असतात.

रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. वाचकाला कपाटापर्यंत जाऊ द्या, हा त्यांचा आग्रह. कपाटात पुस्तकं कशी असावीत याचं त्यांनी चित्रच मांडलंय : मधोमध तुमचा नेमका विषय, दोन्ही बाजूंना त्याची अर्धी सावली पडलेले विषय, आणि त्यापलीकडे परके. हात नेमक्या पुस्तकाकडे जातो, पण डोळा शेजारच्या सावलीतही फिरतो. कपाटातलं नशीब हे असं, शेजारचं.

परतीच्या टेबलाचं नशीब निराळं. तिथे कुणी काही लावलेलं नसतं. पाककृतीवर कायदा, कायद्यावर कादंबरी. ती पुस्तकं लावलेली असतात त्या आठवड्यातल्या वाचकांनी. आमच्याकडे एक प्राध्यापक यायचे, ते कपाटांकडे बघायचेच नाहीत, थेट ते टेबल उपसायचे. शिपाई वैतागायचा. मी त्याला सांगून ठेवलं होतं, हे सर गेल्याशिवाय पुस्तकं उचलायची नाहीत.

आणि एक खंत. अजूनही कित्येक ठिकाणी वाचकाला आत सोडत नाहीत. चिठ्ठीवर नाव लिहून द्या, पुस्तक बाहेर येईल. ज्याला नावच माहीत नाही त्याने काय लिहायचं?

---

डेटाभाऊ

मूळचा चोपड्याचा, हल्ली पुण्यात. थोडं खारट बोलतो, राग मानू नका.

गोष्ट झकास आहे. पण लाईट शंभर वेळा जाते. नव्व्याण्णव वेळा परतीच्या टेबलावर दहावीची गाइडं असतात. त्या नव्व्याण्णव वेळांचा धागा कुणी काढत नाही, म्हणून शंभरावी वेळ चमत्कार वाटते.

दुसरं. तुमच्या शोधात ‘पांझरा’ हा शब्दच नव्हता. आत्ता टाकून पाहिलं, ‘पांझरा फड’. पहिल्याच पानावर बंधारे. शोधयंत्र बिचारं काय करणार? तमाशा तुम्ही आधीच धरून बसला होतात.

---

भुसावळ_जंक्शन

@डेटाभाऊ, दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण ‘पांझरा’ टाकायचं सुचणार कुठून? माझ्या लेखी गाव हा फक्त पत्ता होता. प्रश्न तमाशाचा होता आणि तमाशाला नदी लागत नाही. शोधपेटीत आपण आपला प्रश्न घालतो, आणि माझा प्रश्नच चुकला होता. टेबलाने मला प्रश्न विचारलाच नाही.

वरणबट्टी, आजी जाऊन बारा वर्षं झाली. तमाशाची सल घेऊनच गेली बिचारी.

---

मोडीवाचक

शब्दावरून आठवलं. इंग्रजीतला ‘सेरेन्डिपिटी’ हा शब्द होरेस वॉलपोलने २८ जानेवारी १७५४ च्या पत्रात घडवला, सेरेन्डिपच्या तीन राजपुत्रांच्या गोष्टीवरून. सेरेन्डिप म्हणजे श्रीलंका, आपल्या सिंहलद्वीपाचंच अरबांच्या तोंडी झालेलं रूप. त्या गोष्टीत राजपुत्रांनी उंट पाहिलेलाही नसतो, तरी ते सांगतात : उंट एका डोळ्याने आंधळा होता, एक दात पडलेला, एक पाय लंगडा. कारण वाटेच्या एकाच बाजूचं गवत खाल्लेलं, मधे दाताएवढे घास सुटलेले आणि एक पाऊल फरफटलेलं. म्हणजे मूळ गोष्टीत नशिबापेक्षा नजरच जास्त आहे.

आपल्याकडे दोन न्याय सांगतात. काकतालीय : कावळा बसायला आणि फांदी तुटायला. हा निव्वळ योगायोग. दुसरा घुणाक्षर : किडा लाकूड नाहीतर पोथी कुरतडत जातो आणि त्यात अक्षर उमटतं. किड्याला अक्षर कळत नाही, ते वाचणारा लागतो. मोडीचे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) सोडताना कसरीने खाल्लेली पानं रोज बघतो, त्यामुळे हा दुसरा न्याय मला जवळचा.

---

केळीवाला_रावेर

आम्ही पुस्तकवाले नाही, पण आमचंही ऐका.

एका पावसाळ्यात बागेत नवीन लागवडीच्या पानांवर पिवळे पट्टे आले. आमच्याकडे त्याला हरण्या म्हणतात. कृषीवाले आले, ‘सीएमव्ही आहे, उपटून जाळा’ म्हणाले आणि गेले. रात्री मोबाईलवर केळी, पिवळी पानं, पट्टे, सगळं टाकून पाहिलं. खतांच्या जाहिराती आल्या. झिंक टाका, मॅग्नेशियम टाका. टाकलं. झाडं उपटायची ती उपटावीच लागली.

हिवाळ्यात साडूकडे भरीत पार्टीला गेलो. तुराट्यांवर वांगी भाजायची चालली होती. तिथे त्यांच्या गावातला एक भाजीवाला शेतकरी काकडीचं रडगाणं गात होता, पानं चितकबरी होतात, मावा रोग पसरवतो. त्याला विचारलं, रोगाचं नाव काय? म्हणाला, कुकुंबर मोझॅक व्हायरस. मी भाकरी खाली ठेवली. सी म्हणजे कुकुंबर, म्हणजे काकडी! माझ्या बागेच्या बांधावर घरच्यासाठी काकडी नि गिलकी लावलेली होती. केळीचा रोग बांधावरच्या काकडीत राहत होता आणि मावा त्याला इकडे आणत होता. मी केळीत शोधत होतो.

आता बागेजवळ वेलभाज्या लावत नाही, मिरची-टमाट्याचं आंतरपीकही नाही, तण ठेवत नाही, मावा दिसला की आधी त्याच्यामागे लागतो. कृषी विद्यापीठाच्या पत्रकात हे सगळं आधीपासून छापलेलं होतं. पण त्या तीन अक्षरांतल्या सीला कुणी काकडी म्हणून सांगितलं नाही.

---

गिरणामाई

केळीवाला भाऊ, तुमच्या प्रतिसादाची प्रिंट काढून टेबलासमोर लावणार आहे. अगदी हेच शिकागो विद्यापीठात डॉन स्वॉन्सन यांनी १९८६ मध्ये दाखवून दिलं. रेनॉ नावाचा एक आजार आहे, त्यात थंडीने बोटं पांढरी पडतात. त्यावरच्या लेखांत नोंदलेलं होतं की या रुग्णांचं रक्त जास्त दाट असतं. माशांच्या तेलावरचे लेख वेगळे. त्यांत होतं की या तेलाने रक्ताचा दाटपणा कमी होतो. दोन्ही गोष्टी छापून लोकांसमोर होत्या, पण एका गटातले लेख दुसऱ्या गटाचं नावही घेत नव्हते. स्वॉन्सन डॉक्टर नव्हते, मूळचे भौतिकशास्त्राचे, काम ग्रंथालयशास्त्रातलं. त्यांनी दोन्ही ढीग शेजारी ठेवले आणि म्हणाले, हे तेल या आजारावर करून पाहा. पुढे रुग्णांवर चाचणी झाली तेव्हा काहींना फरक पडल्याचं दिसलं. म्हणजे काकडीचं पत्रक आणि केळीचं पत्रक.

पेनिसिलिनचंही तसंच. १९२८ मधली फ्लेमिंगची बुरशी सगळे सांगतात, मला त्यानंतरची गोष्ट जास्त आवडते. १९२९ चा त्याचा लेख जवळजवळ विसरला गेला होता. नऊ वर्षांनी ऑक्सफर्डमध्ये अर्न्स्ट चेन जिवाणू मारणाऱ्या पदार्थांवरचं जुनं लिखाण चाळत होता, त्यात तो लेख हाती लागला. १९४० मध्ये उंदरांवर प्रयोग झाला. पहिलं नशीब खिडकीजवळच्या बशीत, दुसरं ग्रंथालयात.

माझं काम चाळीसगाव भागातल्या जुन्या कागदांवर आहे. नव्याने येणाऱ्यांचा इथे ठरलेला घोटाळा होतो : ‘जळगाव जिल्हा, १८९०’ असं शोधतात आणि शून्य निकाल घेऊन बसतात. १९०६ पर्यंत हा सगळा एकच खानदेश जिल्हा होता आणि ठाणं धुळ्याला. मग पूर्व आणि पश्चिम खानदेश झाले. नंदुरबार तर १९९८ मध्ये वेगळा झाला. इंग्रजी कागदांत धुळ्याचं ‘धुलिया’ असतं आणि खानदेशचं स्पेलिंग चक्क सीने सुरू होणारंही सापडतं. यंत्र अक्षर जुळवतं. पण १८८० चं गॅझेटियर नुसतं चाळत बसलात तर हे सगळं तासाभरात अंगवळणी पडतं. मी दुसऱ्याच कशासाठी चाळत होते, तेव्हा कळलं.

---

तापीतीर

अजिंठ्याचं कुणी कसं काढलं नाही? १८१९ मध्ये जॉन स्मिथ वाघाच्या मागे गेला आणि लेणी सापडली!

---

निंबोणी

‘सापडली’ कुणाला? आसपासच्या लोकांना लेणी माहीतच होती. त्या साहेबाने दहाव्या लेण्यात खांबावर नाव नि तारीख कोरली एवढंच. तेवढी शिस्त आमच्या कॉलेजची पोरंही बाकांवर पाळायची.

---

भुसावळ_जंक्शन

अवांतर : अजिंठ्याची चित्रं वर्षानुवर्षं बसून उतरवणारा मेजर रॉबर्ट गिल १८७९ मध्ये वारला, त्याची कबर भुसावळला आहे. त्या बाजूने माझं लहानपण सायकलवर गेलं. कबर कुणाची हे कळलं चाळिशीत, एका दिवाळी अंकातून.

---

डेटाभाऊ

बरं, अर्धी माघार. केळीवाल्या दादांनी गप्प केलं मला.

पण मग मोबाईल पण न मागता काहीबाही दाखवतोच की. ते नशीब का नाही? मी स्वतः असल्या शिफारशींच्या यंत्रणेवर काम करतो, म्हणून विचारतोय. बहुधा उत्तर असं आहे : ती यंत्रणा माझ्यासारख्या माणसांनी काय पाहिलं ते मला दाखवते. केळीवाल्याला आणखी केळी दाखवेल, काकडी नाही. भुसावळकरांना तर जन्मभर तमाशाच दाखवत बसेल. आम्ही मधूनमधून मुद्दाम परकं काहीतरी घुसवतो, त्याचा हिशेबही ठेवतो. पण माणसाने दोन सेकंदांत बोट सरकवलं की यंत्रणा समजते, नको असलेलं दाखवलं. लाईट गेल्यावर बोट सरकवायची सोय नव्हती, हा तुमचा फायदा झाला.

नव्व्याण्णव गाइडांचा मुद्दा मात्र मी सोडत नाही.

---

मोडीवाचक

सोडू नका. त्या नव्व्याण्णवांतच वि. का. राजवाड्यांची हयात गेली. इतिहासाचार्य गावोगाव पायपीट करायचे, कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या फडताळात रुमाल आहेत का विचारत. कोणता कागद हाती लागेल हे त्यांनाही माहीत नसणार. कागद कुठे पडून असतात एवढं मात्र पक्कं माहीत होतं. शेवटी धुळ्यात राहिले, ३१ डिसेंबर १९२६ ला तिथेच गेले. त्यांचं दफ्तर सांभाळायला उभं राहिलेलं राजवाडे संशोधन मंडळ अजून धुळ्यात आहे. भुसावळकर, तुम्ही धुळ्यात नोकरीला असून तिथे गेला नसाल तर माझा तुमच्यावर राग आहे.

---

गिरणामाई

आणि आमचं पाटण! डॉ. भाऊ दाजी लाड मुंबईतले नावाजलेले डॉक्टर. त्यांनी १८६० च्या दशकात चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या देवळातला शिलालेख उजेडात आणला. शके ११२८ मधला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचं दानपत्र. भास्कराचार्यांची वंशावळ त्यातून मिळते. लेखाचा शेवटचा भाग तर तेव्हाच्या मराठीत आहे. म्हणजे गणिताचा इतिहास शोधणाऱ्याला भाषेचा कागद मिळाला, आणि भाषावाल्याला गणिताचा.

---

वरणबट्टी

इतकं सगळं वाचून मी पण कपाट उपसलं. २०११ चं न भरलेलं वीजबिल सापडलं.

---

डेटाभाऊ

@वरणबट्टी, हा बघा नव्व्याण्णवांतला एक. नोंद केली.

---

सुरेल_साक्री

नमस्कार. या संकेतस्थळावर नवीन आहे. खरं तर धाग्याच्या नावात सारंग दिसला म्हणून आलो, मला वाटलं रागदारीची चर्चा आहे. मी हार्मोनियम वाजवतो. इथे तर आमच्या घरचीच गोष्ट निघाली.

माझे आजोबा फडाचे जागले होते. साक्रीकडचेच. भाऊ, हाई बठ्ठं माले माहीत शे! लहानपणी त्यांच्यामागे मी बांधावर फिरलोय. आमच्याकडे पावसाळ्याआधी सारंग काढायचा दिवस ठरायचा. ज्याचं जेवढं शेत त्याने तेवढी माणसं द्यायची. माणूस नाही दिला तर पैसे. त्यामुळे ‘माणसे ३’ यावरून तुमच्या पणजोबांचं शेत आमच्या हिशेबाने चांगलं मोठं असणार. जागल्याला ज्वारी मिळायची ती पीक निघाल्यावर. वहीत ज्वारीची नोंद सारंगाच्या नोंदीनंतर किती पानांनी आहे? आणि माप काय लिहिलंय, पायली की मण? मापावरून बहुतेक सांगता येईल कोणत्या बाजूचा फड ते.

आणि एक विचारतो. आजोबा जागल्या असतानाच रात्री शेतात डफ वाजवून म्हणायचे. गावात ते त्यासाठीच ओळखले जात. तुमच्या वहीत गाण्याबजावण्याचं खरंच काहीच नाही?

---

भुसावळ_जंक्शन

सुरेल दादा, हात थरथरतायत टाइप करताना. वही आत्ता उघडून बसलोय. ज्वारीची नोंद अकरा पानांनी पुढे आहे. मापाच्या जागी काकांनी ‘२ अस्पष्ट’ असं लिहून ठेवलंय. मूळ मोडीत दोनच्या पुढे एक गाठ मारल्यासारखं अक्षर आहे, मला काही लागत नाही. फोटो काढला, पण पान वाळवीने कडेला खाल्लंय आणि अक्षर नेमकं तिथेच.

डफाचं सांगतो. त्याच पानावर खाली, उतरवून घेतलेल्या कागदात नसलेली एक ओळ आहे. काकांनी का सोडली माहीत नाही. @मोडीवाचक, रविवारी दुपारी मंडळात तुम्ही असाल तर वही घेऊन येतो. रागही घालवतो.

---

मोडीवाचक

असेन. अकरानंतर या. वही फडक्यात गुंडाळून आणा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. आणि सुरेल दादांनाही बोलवा, मला अक्षर लागेल, माप त्यांना लागेल.

---

निंबोणी

मीही त्या दिवशी धुळ्यालाच आहे, भाचीकडे. येऊ का? लाईट गेली तर टेबल मी लावते.